‘बहुधा कंटॅमिनंट’: फ्लूच्या एका रुग्णाच्या श्वासनलिकेतली बुरशी

रिपोर्टवर दोनच वाक्यं होती. ‘रोगकारक जिवाणू आढळले नाहीत. तंतुमय बुरशीच्या मोजक्या वसाहती, बहुधा कंटॅमिनंट.’ कंटॅमिनंट म्हणजे बाहेरून नमुन्यात पडलेली, आजाराशी संबंध नसलेली. आयसीयूतल्या चौथ्या दिवशी सकाळच्या राउंडला मी ती दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली, कागद उलटला आणि आम्ही अँटिबायोटिक कोणतं बदलायचं यावर बोलायला लागलो. त्याच सकाळी त्याच रुग्णाला 39.1 अंश सेल्सिअस ताप आला होता. रिपोर्ट आणि ताप, दोन्ही एकाच टेबलावर होते. त्यांची सांगड आम्ही घातली ती दोन दिवसांनी, तीही आपण होऊन नाही.

हे प्रकरण लिहितोय ते त्या दोन दिवसांसाठी. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आजाराचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

रुग्ण

वय 46, पेशाने शिक्षिका. मधुमेह नाही, दमा नाही, कायमची कुठलीच गोळी चालू नाही. वर्गातली निम्मी मुलं तापाने घरी बसलेली असताना बाईंनाही ताप भरला. अंगदुखी, कोरडा खोकला, डोकं जड. फ्लूची लस घेतलेली नव्हती. ती घ्यावी असं त्यांना कोणी सुचवलंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या दवाखान्यात अझिथ्रोमायसिन सुरू झालं आणि सोबत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं 8 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, रोज एक, असं तीन दिवस. ताप उतरला, बाईंना हुशारी वाटली. सहाव्या दिवशी जिना चढताना धाप लागली आणि संध्याकाळपर्यंत बसल्या जागीही श्वास पुरेना.

आमच्याकडे आल्या तेव्हा हवेवर ऑक्सिजन 82 टक्के, श्वास मिनिटाला 38. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांचे खालचे भाग पांढरे. स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, कोरोना निगेटिव्ह. फ्लूवरचं ऑसेल्टामिव्हिर 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लगेच चालू केलं. पहिल्या 48 तासांत ते जास्त उपयोगी पडतं हे खरं, पण आजार गंभीर असेल तर उशीर झाला म्हणून कोणी ते थांबवत नाही. हाय फ्लो ऑक्सिजनवर काही तास काढले, पण रात्री दहाच्या सुमारास ट्यूब टाकावीच लागली. तेव्हा पीएफ रेशो (फुप्फुसं रक्तात ऑक्सिजन किती पोचवतात याचं माप, जितका कमी तितकं वाईट) 94 होता. ट्यूब टाकताना श्वासनलिकेतला स्राव कल्चरला पाठवला. सुरुवातीला लिहिलेला रिपोर्ट याच नमुन्याचा.

दुसऱ्या दिवशी रक्तदाब पडला. रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनलिन वाढवत न्यावं लागलं, म्हणून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड 50 मिलिग्रॅम दर सहा तासांनी जोडलं. सोळा तास पालथं झोपवलं. तिसऱ्या दिवशी चित्र पालटलं. पीएफ रेशो 190, नॉरॲड्रेनलिन निम्म्यावर. भेटीच्या वेळी त्यांचे पती आत आले, बराच वेळ हात धरून उभे राहिले आणि जाताना म्हणाले, “डॉक्टर, आज हात गरम लागला.” मीही मनात हेच म्हणत होतो, की यातून निघतील.

आणि चौथी सकाळ. ताप, पीएफ रेशो 118, सक्शनच्या नळीत रक्ताच्या रेघा असलेला चिकट स्राव आणि त्यात तपकिरी रंगाचे लहान गोळे. दाह दाखवणारं सीआरपी 260, जिवाणूंच्या संसर्गात चढणारं प्रोकॅल्सिटोनिन मात्र फक्त 0.6. एक्स-रेमध्ये उजवीकडे वरच्या भागात नवीन डाग.

आम्ही काय समजलो

फ्लूचा रुग्ण सुधारता सुधारता बिघडला की पहिला संशय जिवाणूंवर जातो, आणि तो बरोबरच आहे. न्यूमोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे या वाटेवर नेहमी भेटणारे. आम्ही मेरोपेनेम आणि लिनेझोलिड सुरू केलं, नवीन कल्चर पाठवली आणि वाट पाहिली. यात गैर काही नव्हतं. गैर होतं ते एवढंच, की आम्ही यादी तिथेच संपवली.

बुरशी का सुचली नाही, याचं उत्तर आमच्या शिक्षणात आहे. आक्रमक ॲस्परजिलोसिस (ॲस्परजिलस ही बुरशी ऊतींत घुसून होणारा आजार) म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ल्युकेमियाचा रुग्ण, पांढऱ्या पेशी शून्यावर आलेला. किंवा बोन मॅरो प्रत्यारोपण झालेला. किंवा आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड घेणारा. निदानाचे जुने निकष याच लोकांसाठी बनले होते आणि त्यांत पहिलाच प्रश्न असे: रुग्णात ‘यजमान घटक’ आहे का? म्हणजे प्रतिकारशक्ती आधीपासून ढासळलेली आहे का? उत्तर ‘नाही’ आलं की पुढची पानं उलटायची गरजच उरत नसे. आमच्या बाईंचं उत्तर ‘नाही’ होतं. धडधाकट बाई, रोज दोन जिने चढून वर्गावर जाणारी.

त्यात आयसीयूमध्ये ट्यूबमधल्या स्रावात ॲस्परजिलस सापडणं तसं नवलाचं नाही. हे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, आपण प्रत्येक जण दिवसाला शेकड्यांनी ते आत घेतो. जुना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा दीर्घ आजार, असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते नुसते पडून असू शकतात. म्हणून प्रयोगशाळा ‘बहुधा कंटॅमिनंट’ लिहिते, आणि दहातल्या बऱ्याच वेळा ते खरंही असतं. मी प्रयोगशाळेला दोष देत नाही. त्यांच्या फॉर्मवर आम्ही निदानाच्या रकान्यात ‘न्यूमोनिया’ एवढंच लिहिलं होतं. ‘इन्फ्लुएन्झा’ हा शब्दच त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

सहाव्या दिवसाचा फोन

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या आसपास मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमचा फोन आला. त्या सहसा फोन करत नाहीत.

“डॉक्टर, तुमच्या सात नंबरच्या पेशंटच्या दुसऱ्या नमुन्यातही तीच बुरशी आलीय. ॲस्परजिलस फ्युमिगेटस आहे. या बाईंना झालंय काय नक्की?”

“फ्लू.”

“कुठला फ्लू? पीसीआर झालाय?”

“इन्फ्लुएन्झा ए, पॉझिटिव्ह.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, “मग तुम्ही आजच दुर्बीण टाका. मी थांबते इथे.”

दुपारी अडीचला ब्रॉन्कोस्कोपी केली. ट्यूबच्या टोकातून बाहेर पडल्यावर श्वासनलिकेचा जो भाग दिसला, तो पाहून हात थांबला. एरवी हे अस्तर ओलसर गुलाबी असतं, त्याखाली कूर्चेच्या कड्या नीट मोजता येतात. इथे कड्या दिसतच नव्हत्या. लालभडक सुजलेलं अस्तर, त्यावर राखाडी-पांढरे चट्टे, भिंतीला घट्ट चिकटलेले. जणू ओला कागद थापून वाळू दिलाय. एका चट्ट्याची कड सक्शनने जराशी ओढली तर ती पापुद्र्यासारखी उचलली गेली आणि खालून रक्त झिरपायला लागलं. उजव्या मुख्य श्वासनलिकेच्या तोंडाशी एक उथळ व्रण. मी फुप्फुस धुऊन द्रव घेतला, चट्ट्याचा लहान तुकडा घेतला आणि बाहेर आलो.

चार वाजता मॅडमनी सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्कोफ्लोर व्हाइट टाकलेलं. काळ्या पार्श्वभूमीवर निळसर चमकणारे धागे: बारीक, सरळ, ठरावीक अंतरावर आडवे पडदे असलेले, आणि झाडाच्या फांदीसारखे साधारण 45 अंशांच्या कोनात फुटलेले. एका ठिकाणी हे धागे अस्तराच्या पेशींमधून आत घुसताना स्पष्ट दिसत होते. हवेतून येऊन ताटलीवर पडलेली बुरशी अशी दिसत नाही. संध्याकाळी धुवण द्रवातलं गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे ॲस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतून सुटणारा पदार्थ, 5.8 आलं, रक्तातलं 1.2. इन्फ्लुएन्झाच्या रुग्णात धुवण द्रवात 1.0 किंवा अधिक, अथवा रक्तात 0.5 पेक्षा जास्त, हे संभाव्य निदानाला पुरतं. इथे तर ऊतीच्या तुकड्यातच धागे दिसले होते.

सीटी स्कॅनबद्दल थोडक्यात: दोन्हीकडे गाठी, उजवीकडे वर एक पोकळी व्हायला लागलेली, आणि बाकी सगळीकडे फ्लूचीच धुरकट छाया. ल्युकेमियाच्या रुग्णात दिसणारं गाठीभोवतीचं वलय इथे शोधणं व्यर्थ. सगळं फुप्फुसच धुरकट असेल तर वलय उठून दिसणार कसं? स्कॅनवर विसंबून कोणी थांबू नये.

विषाणू वाट कशी मोकळी करतो

ॲस्परजिलसचा बीजाणू 2 ते 3 मायक्रॉनचा. इतका लहान, की तो सरळ वायुकोशापर्यंत जातो. निरोगी फुप्फुसात त्याला तीन पहारे ओलांडावे लागतात. श्वासनलिकेच्या अस्तरावरचे केस सतत वर ढकलत असतात आणि चिकट द्रवासोबत बीजाणू घशाकडे परत नेतात. त्यातून जो निसटतो त्याला वायुकोशातल्या मॅक्रोफेज पेशी गिळून मारतात. तिथूनही वाचून ज्याला धागा फुटतो, त्यावर न्यूट्रोफिल तुटून पडतात.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू नेमका याच अस्तरात वाढतो आणि ते सोलून काढतो. केस गेले, पेशी गळून पडल्या, खालचा पडदा उघडा पडला. बीजाणूला चिकटायला हवी असते तशीच ही जागा. त्याच वेळी विषाणूशी लढताना प्रतिकारशक्तीचा सगळा भर विषाणूविरोधी मार्गांवर जातो आणि गिळलेल्या बुरशीला मारण्याची मॅक्रोफेज-न्यूट्रोफिलची ताकद काही दिवस मंदावते. बाई धडधाकट होत्या हे खरं. पण आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या श्वासनलिका धडधाकट नव्हत्या. जुने निकष विचारत होते तो यजमान घटक त्या पाच दिवसांत विषाणूनेच तयार केला होता.

त्यावर स्टेरॉइड. स्टेरॉइड मॅक्रोफेजना आणखी सुस्त करतं. हायड्रोकॉर्टिसोनच्या सान्निध्यात ॲस्परजिलस फ्युमिगेटस जास्त वेगाने वाढतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

हा संबंध काही काल-परवा कळलेला नाही. फ्लूनंतरच्या न्यूमोनियात फुप्फुसाचा ॲस्परजिलोसिस झाल्याची नोंद 1952 सालची आहे. 2009 च्या एच1एन1 साथीनंतर अशी प्रकरणं वाढत गेली. मग 2018 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या सात आयसीयूंचा अभ्यास आला आणि आकडे समोर आले: इन्फ्लुएन्झाने आयसीयूत दाखल झालेल्या 432 जणांपैकी 83 जणांना, म्हणजे 19 टक्क्यांना, आक्रमक ॲस्परजिलोसिस. प्रतिकारशक्ती आधीपासून कमी नसलेल्या रुग्णांतही हे प्रमाण 14 टक्के. फ्लू नसलेल्या गंभीर न्यूमोनियाच्या गटात ते 5 टक्के होतं. 90 दिवसांत मृत्यू बुरशी झालेल्यांत 51 टक्के, न झालेल्यांत 28. आणि मला सर्वांत जास्त बोचणारा आकडा: आयसीयूत आल्यापासून निदानापर्यंतचा मध्य कालावधी अवघा 3 दिवस. म्हणजे बुरशी पुष्कळदा रुग्णाबरोबरच दारातून आत येते.

2020 साली तज्ज्ञांच्या गटाने इन्फ्लुएन्झासाठी स्वतंत्र निकष मांडले आणि त्यांतून यजमान घटकाची अट काढून टाकली. इन्फ्लुएन्झाची खात्री असणं हाच प्रवेशाचा दरवाजा. श्वासनलिकेतल्या चट्ट्या-व्रणांचा प्रकार त्यांनी वेगळा धरला, कारण तो एक्स-रेत किंवा सीटीत दिसतोच असं नाही. तो दुर्बिणीतूनच दिसतो, आणि त्यात मृत्यूचं प्रमाण आणखी जास्त असतं. आमच्या बाई त्याच प्रकारातल्या. हे निकष मी वाचले होते. वाचणं वेगळं, आणि सकाळच्या राउंडला सात नंबरच्या खाटेपाशी ते आठवणं वेगळं.

उपचार

सहाव्या दिवशी रात्री व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू केलं. वजन 62 किलो, म्हणून पहिल्या दिवशी बारा तासांच्या अंतराने 370 मिलिग्रॅमचे दोन डोस, मग 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. 2002 च्या मोठ्या चाचणीत साध्या ॲम्फोटेरिसिन या जुन्या बुरशीविरोधी औषधाच्या तुलनेत व्होरिकोनॅझोलवर जास्त रुग्ण बारा आठवडे जगले (70.8 टक्के विरुद्ध 57.9), तेव्हापासून ते पहिल्या पसंतीचं औषध आहे. तरी सोबत लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी, 3 मिलिग्रॅम प्रतिकिलो, जोडलं. कारण व्होरिकोनॅझोल ज्या कुळातलं आहे त्या ॲझोल औषधांना न जुमानणारा फ्युमिगेटस आता पर्यावरणातूनच माणसात येतो. शेतीत पिकांवर फवारली जाणारी बुरशीनाशकंही त्याच ॲझोल कुळातली, त्यामुळे ज्याने आयुष्यात कधी व्होरिकोनॅझोल घेतलं नाही त्याच्याही अंगात प्रतिरोधक वाण सापडू शकतो. पाच दिवसांनी संवेदनशीलतेचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा ॲम्फोटेरिसिन बंद केलं. तोवर या औषधाने घटणारं पोटॅशियम भरून काढण्यात नर्सेसचे हात दुखले.

हायड्रोकॉर्टिसोन रक्तदाब सावरताच दोन दिवसांत उतरवून थांबवलं. अझिथ्रोमायसिन आधीच बंद होतं ते बरंच झालं, कारण व्होरिकोनॅझोल आणि ते, दोघंही ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबवतात, म्हणजे ठोक्यांची लय बिघडवू शकतात. जिवाणूंची सगळी कल्चर निगेटिव्ह आल्यावर मेरोपेनेम-लिनेझोलिडही काढलं.

नवव्या दिवशी ट्यूबमधून अचानक शंभरेक मिलिलिटर रक्त आलं. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तेव्हा हे होऊ शकतं याची कल्पना होती. दुर्बिणीतून थंड सलाइन टाकत पाऊण तास गेला. थांबलं. त्या पाऊण तासाबद्दल यापेक्षा जास्त लिहिणं मला जमणार नाही.

मग एक वेगळाच पेच. अकराव्या दिवशी ऑक्सिजन सुधारला म्हणून झोपेची औषधं बंद केली. बाई जाग्या होईनात. बारावा दिवस गेला, तेरावा उजाडला. हाक मारली तर पापणीही हलेना. मेंदूत बुरशी पोचली का, रक्तस्राव झाला का? मेंदूचा सीटी केला, तो स्वच्छ. बाईंचे पती दारापाशी उभे राहून विचारायचे, “आवाज तरी ऐकू येत असेल का तिला?” आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर दहाव्या दिवशी पाठवलेल्या रक्तात होतं, आणि ते तेराव्या दिवशी दुपारी आलं. व्होरिकोनॅझोलची डोसआधीची पातळी 7.4 मिलिग्रॅम प्रतिलिटर. हवी होती 1 ते 5.5 च्या दरम्यान. आता गणित सुटलं. व्होरिकोनॅझोल यकृतातलं सीवायपी3ए4 हे एन्झाइम अडवतं, आणि झोपेचं मिडॅझोलम व वेदनेवरचं फेंटानिल शरीरातून निघतात ते त्याच वाटेने. आम्ही ते दोन्ही पहिल्या दिवसापासून चालू ठेवले होते आणि व्होरिकोनॅझोल आल्यावर त्यांचा वेग कमी केला नव्हता. मिडॅझोलम साचत गेलं. वर व्होरिकोनॅझोल स्वतःच जास्त झालेलं, तेही मेंदूला गुंगवतं. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एएलटी 214 वर गेलं होतं, तेही त्याच पातळीचं फळ. आणि पातळी चढली का? शरीरात दाह पेटलेला असताना यकृत हे औषध सावकाश मोडतं. सीआरपी 260 असलेल्या माणसाला पुस्तकातला डोस जास्त होऊ शकतो.

एक डोस वगळला, पुढे 150 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा केलं. पंधराव्या दिवशी सकाळी नर्सने नाव घेतलं आणि बाईंनी डोळे उघडले. पुढचे दोन दिवस त्या छताकडे पाहून हाताने काहीतरी झटकत राहिल्या. ट्यूब निघाल्यावर त्यांनी सांगितलं, की छतावरून रंगीत मुंग्या उतरत होत्या आणि लोक आपल्याला वेड्यात काढतील म्हणून कोणाला सांगायची भीती वाटत होती. व्होरिकोनॅझोलने असे भास होतात. आम्ही आधीच सांगून ठेवलं असतं तर तेवढी भीती तरी वाचली असती. आता मी शुद्धीवर येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला सांगतो: रंग, किडे, माणसं दिसली तर सांगा, ते औषधामुळे आहे.

याच औषधाचा पुढचा अंक चार आठवड्यांनी. दाह ओसरला, सीआरपी 12 वर आलं, आणि त्याच 150 मिलिग्रॅमवर पातळी 0.8 पर्यंत घसरली. रुग्ण तोच, औषध तेच. डोस 200 केला तर 2.1 आली. डोस आणि पातळी इथे सरळ रेषेत चालत नाहीत. रक्तातली पातळी मोजल्याशिवाय व्होरिकोनॅझोल देणं मला आता डोळे बांधून गाडी चालवण्यासारखं वाटतं.

स्टेरॉइडविषयी

यावर आमच्या युनिटमध्ये बरीच चर्चा झाली आणि सगळ्यांचं एकमत नाही. माझं मत मी इथे मांडतो.

2020 साली रिकव्हरी चाचणीने दाखवून दिलं, की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविडच्या रुग्णांत 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन मृत्यू कमी करतं. त्याने असंख्य जीव वाचले. पण त्यानंतर एक सवय मागे राहिली: ताप आणि खोकला दिसला की डेक्सामेथासोन. इन्फ्लुएन्झात असा फायदा सिद्ध झालेला नाही. उलट उपलब्ध निरीक्षणांत नुकसानीकडेच कल दिसतो, आणि मार्गदर्शक सूचना सांगतात, की दुसरं सबळ कारण नसेल तर फ्लूसाठी म्हणून स्टेरॉइड देऊ नये. त्या डच-बेल्जियन अभ्यासातही आधी स्टेरॉइड घेतलेल्यांना बुरशीचा धोका जास्त होता. आमच्या बाईंना बाहेर मिळालेली तीन इंजेक्शनं, माझ्या मते, टाळता आली असती. ताप उतरल्यामुळे रुग्णालयात यायला झालेला उशीर हा त्यांचाच दुसरा परिणाम.

आमच्या हायड्रोकॉर्टिसोनबद्दल मी इतक्या ठामपणे बोलू शकत नाही. रक्तदाब टिकत नव्हता आणि सेप्टिक शॉकमध्ये ते देतात. पुन्हा तशीच रात्र आली तर मी कदाचित पुन्हा देईन. फरक एवढा, की ज्या क्षणी ते लिहीन त्याच क्षणी ब्रॉन्कोस्कोपीही लिहीन.

इथे अनेकांच्या मनात म्युकरमायकोसिस येईल, म्हणून एवढं सांगायला हवं. कोविडच्या काळात घराघरांत पोचलेला तो शब्द या बुरशीचा नाही. म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे, जवळजवळ बिनपडद्याचे. तो बहुधा नाक-सायनस-डोळ्याच्या वाटेने जातो. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड ही त्याची आवडती जमीन. आणि व्होरिकोनॅझोल त्यावर चालतच नाही, तिथे ॲम्फोटेरिसिन आणि शस्त्रक्रिया लागते. म्हणून नुसती ‘बुरशी आहे’ या शब्दावर औषध सुरू करून भागत नाही. धागा डोळ्यांनी पाहावा लागतो. कोविडमध्येही फुप्फुसाचा ॲस्परजिलोसिस होतो, पण तिथे रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन बहुतेकदा निगेटिव्ह राहतं. इन्फ्लुएन्झात ते बऱ्याच जणांत पॉझिटिव्ह येतं, म्हणून दुर्बीण टाकण्याइतका रुग्ण स्थिर नसेल तर निदान रक्त तरी पाठवावं.

मग सगळ्याच फ्लूच्या रुग्णांना आयसीयूत येताच प्रतिबंधक औषध द्यावं का? हा प्रश्न मला पतींनीही विचारला होता. पोसाकोनॅझोल हे त्याच ॲझोल कुळातलं औषध वापरून अशी चाचणी झाली आहे, तिचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. त्यातून फायदा दिसू शकला नाही, कारण बुरशी झालेल्यांपैकी बहुसंख्य जणांत ती पहिल्या 48 तासांतच सापडली. अडवायला उभं राहण्याआधीच ती आत होती. राहतो तो शोधण्याचा मार्ग, आणि तो लवकर शोधण्याचा.

नंतर

चौदाव्या दिवशीच्या दुसऱ्या ब्रॉन्कोस्कोपीत बहुतेक चट्टे गळून गेले होते, कूर्चेच्या कड्या पुन्हा दिसायला लागल्या होत्या. एकोणिसाव्या दिवशी ट्यूब काढली. तेविसाव्या दिवशी आयसीयूतून वॉर्डात, छत्तिसाव्या दिवशी घरी. व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या एकूण बारा आठवडे, दर दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी आणि औषधाची पातळी. उन्हात जायचं नाही असं बजावलं होतं, कारण या औषधावर कातडी उन्हाने भाजते. तरी पहिल्याच आठवड्यात त्या बाल्कनीत बसल्या आणि नाक-गाल लाल करून आल्या. आठवडेच्या आठवडे छताकडे पाहिलेल्या माणसाला मी काय रागावणार.

आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. इन्फ्लुएन्झा पॉझिटिव्ह रुग्णाला ट्यूब पडली, की 48 तासांच्या आत ब्रॉन्कोस्कोपी आणि गॅलॅक्टोमॅनन, रुग्ण सुधारत असला तरी. आणि मायक्रोबायोलॉजीच्या फॉर्मवर मॅडमनी स्वतः एक चौकोन छापून घेतला: ‘इन्फ्लुएन्झा / कोविड: हो / नाही’. ‘हो’वर खूण असेल तर त्या नमुन्यातली तंतुमय बुरशी, एकच वसाहत असली तरी, फोन करून कळवली जाते. तो चौकोन रिकामा आला तर त्यांच्याकडचा तंत्रज्ञ नमुना लावण्याआधी आयसीयूला फोन करतो. सुरुवातीला आमच्या रेसिडेंट मुलांना याचा कंटाळा यायचा.

तीन महिन्यांनी बाई शेवटच्या सीटीसाठी आल्या. उजवीकडे वर पोकळीच्या जागी एक वाळलेला व्रण, बाकी फुप्फुस मोकळं. आवाज अजून थोडा घोगरा. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही म्हणून त्यांनी पुढच्या बाकांवरचा वर्ग मागून घेतलाय, सध्या अर्धा दिवस. गोळ्या त्या दिवशी बंद केल्या. उठताना त्यांनी विचारलं, “पण ही बुरशी मला आली कुठून? मी तर कुठे गेलेच नव्हते.”

मी सांगितलं, की ती आत्ता या खोलीतल्या हवेतही आहे, आणि आपण दोघंही ती श्वासातून आत घेतोय. त्यांनी खोल श्वास घेतला, थोडा खोकल्या, आणि पुढच्या मोसमाआधी फ्लूची लस कधी घ्यायची ती तारीख पतींना लिहून घ्यायला सांगितली. त्यांनी दोघांसाठी लिहून घेतली.